फूटीच्या ड्राफ्टमधले शेवटचे पिक कसे वापरायचे: नवीन मंडळींसाठी पायरी-पायरीने

मेलबर्नला येऊन दोन-तीन वर्षं झाली, एखाद्या क्लबचा स्कार्फ घेतला, पोरं ऑसकिकला (लहान मुलांच्या फूटीला) जायला लागली की नोव्हेंबरच्या शेवटी घरात एएफएलच्या, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल (फूटी) लीगच्या, ड्राफ्टचा विषय निघतोच. पहिल्या फेरीची रात्र सगळे टीव्हीसमोर बसून बघतात, मोठी नावं निघतात, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या रात्री पस्तिसावा, पन्नासावा पिक (म्हणजे निवड) यायला लागला की निम्मे लोक झोपायला गेलेले असतात. मला ती दुसरी रात्रच जास्त आवडते, आणि टीम खऱ्या अर्थाने भरायचं काम तिथेच होतं असं मला वाटतं. म्हणून हे सगळं लिहितोय, जे नव्याने फूटी बघायला लागलेत त्यांच्यासाठी.

आमच्याकडे टार्नीटला दरवर्षी पाच-सहा घरं मिळून कागदावर ड्राफ्ट खेळतो. प्रत्येकाने एक क्लब घ्यायचा, त्या क्लबच्या खऱ्या पिकच्या नंबरवर नावं निवडायची, आणि दोन वर्षांनी कागद काढून बघायचं कोणाचं काय झालं. दिवाळीच्या चकल्या संपत आलेल्या असतात तेव्हाच ड्राफ्ट येतो त्यामुळे डबा मधे ठेवूनच बसतो. खाली जे सांगतोय ते बरंचसं या टेबलावर शिकलेलं आहे, आणि तुम्हीही असंच करून बघा, वाचण्यापेक्षा करून जास्त कळतं.

आधी थोडक्यात ड्राफ्ट म्हणजे काय ते. आयपीएलच्या ऑक्शनमधे पैसे लावतात, इथे बोली नाहीच, इथे पाळी असते. लॅडरवर (गुणतक्त्यात) सगळ्यात खाली राहिलेली टीम पहिली निवडते, मग तिच्या वरची, असं करत चॅम्पियन शेवटी. १८ क्लब आहेत म्हणजे पहिली फेरी ढोबळमानाने १८ पिकची, मग दुसरी, मग तिसरी. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १८ पूर्ण होणारा मुलगा ड्राफ्टला येऊ शकतो, आणि मोठ्या वयाचेही येऊ शकतात, हे पुढे फार कामाला येणार आहे. नॅशनल ड्राफ्ट १९८६ पासून चालू आहे. साधारण पस्तिसाव्या पिकच्या पुढचं जे काही आहे त्याला मी इथे शेवटचे पिक म्हणतोय.

पायरी १: आधी आपली लिस्ट कागदावर मांडा

बहुतेक लोक उलटं करतात, आधी मुलांचे व्हिडिओ बघतात, एखादा आवडतो आणि मग तो कुठे बसेल ते शोधत बसतात. असं करू नका. एक मोठा कागद घ्या, एएफएलच्या क्लबची लिस्ट, म्हणजे करारातले सगळे खेळाडू, रुकी (शिकाऊ खेळाडू) धरून चाळीसच्या आसपास असते, सगळी नावं पेन्सिलने लिहायची. आडवे चार कप्पे, डिफेंडर, मिडफिल्डर, रक (वर उडवलेला बॉल उडी मारून आपल्या बाजूला टोलवणारा उंच खेळाडू) आणि फॉरवर्ड. उभे चार कप्पे वयाचे, २१ पर्यंत, २२ ते २५, २६ ते २९ आणि तिशीच्या पुढे. प्रत्येक नावापुढे कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं ते वर्ष. क्लबच्या साइटवर हे बरंचसं मिळतं.

हे करायला एक संध्याकाळ जाते पण कागद भरला की भोकं आपोआप दिसतात. आमच्या टेबलावर मागे एकाच्या क्लबचा कागद भरला तर रकच्या कप्प्यात दोनच नावं, दोन्ही तिशीच्या पुढची, खालचे तिन्ही कप्पे कोरे. त्या टीमने त्या वर्षी फायनल्स (सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या) खेळल्या होत्या त्यामुळे कोणाला काही अडचण वाटतच नव्हती. पण रक तयार व्हायला चार-पाच वर्षं सहज लागतात, म्हणजे भाकरी करपायच्या आत उलटायची तर आजच एक उंच पोरगा घेऊन ठेवायला हवा, आणि त्यासाठी पहिल्या फेरीचा पिक घालवायची गरज नाही.

पहिल्या फेरीत जो सगळ्यात चांगला आहे तो घ्यावा, पोझिशन बघू नये, हे बहुतेक लोक मानतात आणि मलाही पटतं. पण चाळिसाव्या पिकला उरलेल्या पोरांमधे फरक इतका कमी असतो की दहा स्काउटना विचारलं तर दहा वेगळी नावं येतील, तिथे मग आपली गरज काय आहे तेच ठरवतं. म्हणून कागद आधी.

पायरी २: हातात नक्की काय आहे ते समजून घ्या

हे थोडं किचकट आहे पण पटकन सांगतो. शेवटच्या पिकचा नंबर रात्रभर हलत असतो. कारण फादर-सन आणि अकादमीचे खेळाडू. वडिलांनी एखाद्या क्लबसाठी १०० मॅच खेळल्या असतील तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क असतो, दुसऱ्या कोणी त्याचं नाव घेतलं तर क्लबने तेवढ्या किमतीचे पिक देऊन तो परत मिळवायचा. क्लबच्या स्वतःच्या अकादमीत तयार झालेल्या मुलांचंही असंच. प्रत्येक पिकला पॉइंट असतात, पहिल्याला ३०००. २०२० ला अॅडलेडने जमारा अगल-हेगनचं नाव पहिल्याच पिकला घेतलं, वेस्टर्न बुलडॉग्जच्या अकादमीचा मुलगा, त्यांनी लगेच मॅच केलं, म्हणजे तेवढी किंमत भरून तो स्वतःकडे ठेवला. तेव्हा २० टक्के सूट होती म्हणजे २४०० पॉइंट भरायचे, ते त्यांनी मागच्या फेऱ्यांमधले पिक गोळा करून भरले. म्हणजे मागचे पिक हे चिल्लर पैशांसारखे पण वापरता येतात, थेंबे थेंबे तळे साचे. आता ती सूट कमी करून १० टक्क्यांवर आणली आहे, त्यामुळे हा मार्ग आधीइतका स्वस्त राहिलेला नाही.

तुमच्या क्लबचा असा मुलगा त्या वर्षी येणार असेल तर शेवटचे पिक त्याच्यासाठीच राखून ठेवलेले असतात, त्यावर इतर नावं ठरवत बसू नका. नसेल तर एक लक्षात ठेवा, असे मॅच झाले की पुढचे पिक मागे सरकतात, पण मॅच करणाऱ्या क्लबचे मागचे पिक खर्च होऊन गायब होतात आणि काही क्लब शेवटी पास म्हणतात, त्यामुळे कागदावरचा तुमचा साठावा पिक प्रत्यक्षात बराच आधी येऊ शकतो. २०१८ पासून ड्राफ्ट चालू असताना पिकची अदलाबदलही करता येते. तात्पर्य एवढंच की नावं नंबरला बांधू नका, क्रमाने आठ-दहा नावांची यादी ठेवा आणि पाळी आली की वरचं शिल्लक नाव घ्या.

पायरी ३: हा मुलगा मागे का राहिला ते शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. बाकी विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

चाळीस-पन्नास पिक होऊन गेले आणि हा अजून बसलाय, म्हणजे १८ च्या १८ क्लबनी त्याला दोन-दोन वेळा नाही म्हटलंय. त्याला काहीतरी कारण आहेच. तर प्रश्न दोनच, ते कारण काय, आणि ते काळाने किंवा मेहनतीने भरून निघणारं आहे का. निघणारं असेल तर घ्या. नसेल तर कितीही आवडला तरी सोडा.

पहिलं कारण उंची, आणि यात दोन्ही टोकं येतात. उंच पोरं १८ व्या वर्षी बांबूसारखी असतात, अंगात ताकद नसते, आपलेच पाय कुठे पडतात ते कळत नसतं, मग क्लब घाबरतात. हे कारण काळ भरून काढतो. मॅक्स गॉन २००९ ला ३४ व्या पिकला मेलबर्नकडे आला, नीट बसायला त्याला कितीतरी वर्षं लागली, आणि २०२१ ला त्याच मेलबर्नने ५७ वर्षांनी फ्लॅग (लीगचं विजेतेपद) जिंकला तेव्हा कॅप्टन तोच होता. वेस्ट कोस्टचा डीन कॉक्स आणि फ्रीमँटलचा २११ सेंटिमीटरचा अॅरन सँडिलँड्स तर रुकी ड्राफ्टमधून आलेले, म्हणजे नॅशनल ड्राफ्टमधे त्यांना कोणी घेतलंच नव्हतं. म्हणून मी म्हणतो की रक जर घ्यायचा तर मागेच घ्यायचा.

बुटक्यांचं वेगळं. उंची वाढणार नाही हे खरं, पण कमी उंची हे मुळात अडचणीचं कारण आहे का हे आधी विचारा. केलेब डॅनियल १६८ सेंटिमीटर, २०१४ ला ४६ वा पिक, लोक म्हणायचे हा चिरडला जाईल. बुलडॉग्जनी त्याचा पाय बघितला, बॉल जिथे पाहिजे तिथेच पडायचा, २०१६ ला फ्लॅग टीममधे होता आणि २०२० ला ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या टीममधे. लॅकी नील २०११ ला ५८ वा पिक, फ्रीमँटलने घेतला, पुढे ब्रिस्बेनला जाऊन २०२० आणि २०२३ ला ब्राउनलो मेडल, सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं. अजून एक, कॉलिंगवुडचा डेन स्वॉन, २००१ चा पिक, नंबर तोच ५८, त्यालाही २०११ ला ब्राउनलो. ५८ व्या पिकला दोघंजण लीगचे सर्वोत्तम खेळाडू निघतात म्हणजे तोपर्यंत किती नजरा चुकलेल्या असतील बघा.

दुसरं कारण स्पीड. सॅम मिचेल २००१ ला ३६ वा गेला कारण तो हळू आहे असं सगळे म्हणायचे. तो हळूच राहिला, ते काही बदललं नाही, पण गर्दीतून बॉल काढून दोन्ही पायांनी इतकं पटकन खेळायचा की पळायची वेळच यायची नाही, २०१२ चं ब्राउनलो त्याच्याकडे आहे. म्हणजे कधी कधी कारण भरून निघत नाही पण मुलगा त्याच्याभोवती वाट काढतो, आणि ती वाट त्याने आधीच काढलेली दिसली पाहिजे, पुढे काढेल या आशेवर घेऊ नका.

तिसरं कारण वय, आणि माझ्या मते आजही सगळ्यात स्वस्तात मिळणारा फायदा यातच आहे. १८ व्या वर्षी नंबर लागला नाही, मग व्हीएफएल, सॅनफल किंवा वॅफल या एएफएलच्या खालच्या, राज्यांच्या लीगमधे मोठ्या माणसांशी चार-पाच वर्षं खेळला, नोकरी करत करत शरीर भरलं, खेळ पक्का झाला. असा २३ वर्षांचा माणूस घेतला की तो पुढच्याच वर्षी खेळतो. जिलाँगने हे किती वेळा केलंय बघा. टॉम स्टुअर्ट २०१६ ला ४० वा पिक, वय २३, आज लीगमधल्या उत्तम डिफेंडरमधे धरतात. टिम केली २०१७ ला २४ वा, तोही २३ चाच. आणि शॉन मॅना, जो आमच्या जवळच्या वेरिबीकडून व्हीएफएल खेळायचा, २०२३ च्या व्हीएफएल ग्रँड फायनलमधे त्याने सहा गोल मारले, टीम हरली तरी मॅचचा सर्वोत्तम खेळाडू तोच, आणि जिलाँगने त्याला ३६ व्या पिकला घेतलं, वय २६. हरलेल्या टीममधल्या माणसाने सहा गोल मारलेत आणि तरी ३५ नावं आधी जातात. लोक म्हणतात २६ वर्षाच्याला घेऊन काय मिळणार, सहा-सात वर्षं. मी म्हणतो शेवटच्या पिकला घेतलेला १८ वर्षांचा पोरगा बरेचदा दोन वर्षांत घरी जातो, सहा वर्षं म्हणजे चंगळ आहे.

पण लिस्टमधली जागा बघा. टीम अगदी तळाला असेल, पाच वर्षांनी उभी राहणार असेल, तर २६ वर्षाच्याचा उपयोग कमी. फ्लॅगच्या जवळ असेल आणि कागदावर एकच भोक असेल तर याच्यासारखा उपाय नाही.

चौथं कारण दुसरा खेळ. मेसन कॉक्स अमेरिकेत कॉलेजचा बास्केटबॉल खेळायचा, २३ वर्षांचा होईपर्यंत फूटीचा बॉल हातात नव्हता, २०२३ ला कॉलिंगवुडच्या फ्लॅग टीममधे. जिलाँगचा मार्क ब्लिकाव्स अडथळ्यांच्या शर्यतीतला धावपटू होता. यांच्यासाठी रुकी लिस्टमधे वेगळी सोय आहे, त्यामुळे ड्राफ्टचा पिकही लागत नाही. एका वेळी एकच असा खेळाडू ठेवा, कारण त्याला शिकवायला कोचचा फार वेळ जातो.

दुखापत, घरापासून लांब राहण्याची धास्ती, शाळेत दुसऱ्याच पोझिशनला खेळवला जाणं, ही पण कारणं असतात आणि ती बरीचशी भरून निघतात. न भरून निघणारी माझी यादी छोटी आहे. किकिंग मुळातच वाकडं असलेला, कारण १२ वर्षांची सवय १८ व्या वर्षी मोडणं फार अवघड आहे. आणि बॉल नसताना चालत राहणारा.

पायरी ४: डोळ्याने बघा, एकट्यालाच बघा

ड्राफ्टच्या आधी कम्बाइन असतं, २० मीटर स्प्रिंट, उभी उडी, २ किलोमीटरची धाव, सगळे आकडे छापून येतात. मी पहिल्या वर्षी हेच आकडे घेऊन बसलो आणि सगळ्यात फास्ट पोरगा घेतला, एकही मॅच न बघता. दोन वर्षांनी कागद काढला तर तो क्लबमधे नव्हता. आकडे खोटे नव्हते, मी त्यांना नको तो प्रश्न विचारला होता. आता आकडे मी शेवटी बघतो, डोळ्यांना जे दिसलं त्याच्याशी जुळतंय का तेवढ्यासाठी.

त्यापेक्षा शनिवारी दुपारी वेरिबीच्या चर्नसाइड पार्कला जा, नाही तर फुट्सक्रेच्या विटन ओव्हलला, नाही तर १८ वर्षांखालच्या टॅलेंट लीगची मॅच गाठा. थर्मासमधे चहा घ्या, जुलैत वारा फार बोचतो. एक खेळाडू ठरवा आणि एक पूर्ण क्वार्टर फक्त त्यालाच बघा, बॉल कुठेही जाऊ दे. मान वळवायची नाही हे पहिल्यांदा फार जड जातं, सगळं ग्राउंड ओरडत असतं आणि आपण बॅकलाइनमधे एकट्या उभ्या माणसाकडे बघत असतो. पण काय काय दिसतं! बॉल ८० मीटर लांब असताना तो आपल्या माणसाला (ज्याला रोखायचंय त्या समोरच्या खेळाडूला) हाताने स्पर्श करून ठेवतोय का, बाजूच्याला ओरडून जागा दाखवतोय का, चूक झाल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो की दोन पावलांत परत पळतो. मागे एका मॅचला मी एका हाफ-बॅकला (मागच्या फळीतल्या खेळाडूला) असंच बघत होतो, त्या क्वार्टरमधे त्याला बॉल तीनदाच मिळाला, म्हणजे पेपरमधे त्याची काही नोंद होणार नाही, पण चार वेळा त्याने दुसऱ्याच्या माणसावर धावत येऊन बॉल मुठीने उडवला. हा गुण आकड्यात येत नाही म्हणून तो शेवटच्या पिकपर्यंत शिल्लक राहतो.

पायरी ५: सगळी अंडी एका टोपलीत नको

तीन शेवटचे पिक असतील तर तिन्ही लांबच्या आशेचे घेऊ नका. मी साधारण असं करतो, एक लगेच खेळू शकेल असा मोठ्या वयाचा, एक चार वर्षांनी फळ देईल असा उंच, आणि तिसरा कागदावरच्या सगळ्यात मोठ्या भोकासाठी. तिन्ही उंच पोरं घेतली तर राखीव टीममधे तिघांना एकच जागा मिळते, कोणीच नीट खेळत नाही, आणि कोणालाच कळत नाही की कोण चांगला आहे.

पायरी ६: ड्राफ्ट संपला तरी दारं उघडी असतात

नवीन लोकांना हे माहीतच नसतं. नॅशनल ड्राफ्टनंतर रुकी ड्राफ्ट होतो. त्यातून आलेल्या मॅट प्रिडिसला २०१४ चं ब्राउनलो मिळालं, जेसन जोहानिसनला २०१६ च्या ग्रँड फायनलमधे नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे त्या मॅचच्या सर्वोत्तम खेळाडूचं. मग उन्हाळ्यात लिस्टमधे जागा रिकामी असेल तर क्लब काही जणांना ट्रेनिंगला बोलावतात आणि सीझनच्या आधी सही करून घेतात. शिवाय दुसऱ्या क्लबने काढून टाकलेले खेळाडू असतात, टायसन स्टेंगलला अॅडलेडने सोडलं, जिलाँगने २०२२ साठी घेतलं, त्याच वर्षी तो ऑल-ऑस्ट्रेलियन झाला आणि फ्लॅगही मिळाला.

आणि मिड-सीझन ड्राफ्ट, जो २०१९ ला परत सुरू झाला. त्या पहिल्याच वर्षी रिचमंडने साऊथ फ्रीमँटलचा मार्लियन पिकेट घेतला, १३ वा पिक, वय २७. सप्टेंबरमधे तो व्हीएफएल ग्रँड फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पुढच्याच आठवड्यात एएफएलची पहिली मॅच खेळला ती थेट ग्रँड फायनल, एमसीजीवर, १ लाख लोकांसमोर. १९५२ नंतर ग्रँड फायनलमधे पदार्पण कोणी केलंच नव्हतं. रिचमंड ८९ पॉइंटनी जिंकलं, त्याने गोलही मारला, आणि सगळी टीम धावत जाऊन त्याच्या अंगावर पडली. मी तो क्षण अजूनही बघतो आणि अजूनही डोळे भरून येतात.

म्हणून नोव्हेंबरमधे आवडीचं नाव उरलं नसेल तर उगाच कोणालाही घेऊन जागा भरू नका. पास म्हणा, जागा रिकामी ठेवा, ती जागा जूनपर्यंत सोन्याची होऊ शकते.

पायरी ७: घेतल्यावर वेळ द्या

घेणं अर्धंच काम आहे. शेवटच्या पिकला घेतलेल्या पोराला साधारण दोन वर्षांचा करार मिळतो, रुकीला बरेचदा एकच. तो १८ वर्षांचा असतो, पर्थचं घर सोडून मेलबर्नला आलेला, कोणा यजमान कुटुंबाकडे राहतोय. आपल्यातले कितीतरी जण असेच बॅग घेऊन या शहरात उतरलेत, पहिलं वर्ष कसं जातं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. तेव्हा मेमधे त्याचं नाव टीममधे दिसलं नाही म्हणून फुकट गेला म्हणू नका. डेन स्वॉनला पहिली मॅच मिळाली २००३ ला, ड्राफ्ट झाला होता २००१ ला.

पहिल्या वर्षी मी फक्त एवढं बघतो की राखीव टीममधे तो दर आठवड्याला खेळतोय का आणि एकाच जागी खेळतोय का. दुसऱ्या वर्षी बघायचं की ज्या कारणासाठी तो मागे राहिला होता ते कमी झालंय का, वजन वाढलं का, दुखापत परत आली का. ते कमी झालं नसेल तर करार वाढवू नये, पोराच्याही दृष्टीने तेच बरं, २० व्या वर्षी त्याला शिक्षण किंवा दुसरं काम धरता येतं.

२०२८ ला टास्मानिया डेव्हिल्स ही १९ वी टीम यायचं ठरलंय, तिला उभं करायला बरेच वरचे पिक तिकडे जाणार, म्हणजे बाकी १८ क्लबना मागच्या फेऱ्यांमधूनच जास्त माणसं शोधावी लागणार. तेव्हा कागद आत्तापासूनच करायला घ्या. पेन्सिलनेच लिहा, कॉन्ट्रॅक्ट सीझनमधे बदलत राहतात, आणि आमच्यासारखं टेबल जमवायचं असेल तर पाच-सहा घरांपेक्षा जास्त घेऊ नका, नाही तर चौथ्या फेरीपर्यंत रात्रीचे दोन वाजतात.